घाशा आणि बेकरीची राख

एखादी वस्तू कमी भरली म्हणून होणारी भांडणं मी जन्मभर ऐकत आले. वस्तू उरली म्हणून झालेलं भांडण मात्र एकदाच ऐकलं.

मी तेव्हा संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर बियाण्यांची कागदी पाकिटं चिकटवायचे. माझ्या टेबलामागे भिंत होती आणि भिंतीपलीकडे भांडी धुण्याची खोली. भिंतीला वर एक जाळी होती. त्या जाळीतून पाण्याचा आवाज, वाफ आणि लोकांची भांडणं मला फुकट मिळायची.

"साबण उरतोच कसा?" स्टोअरवाला विचारत होता. "महिन्याला सहा डबे देतो. चार तसेच पडलेत."

"कमी लागला."

"कमी कसा लागेल? चार मजल्यांची भांडी आहेत. का नुसती पाण्यातून बुचकळून काढतोस?"

"भांडी बघा आणि मग बोला."

"मी कशाला भांडी बघू? मी साबण बघणारा माणूस."

मग ओल्या काचेवर अंगठा घासल्याचा चर्र आवाज आला. मला पलीकडे ऐकू आला इतका मोठा.

"हे वाजतंय ते काय? मळ वाजतोय का?"

"पुढच्या महिन्यात उरला तर वर कळवीन," असं म्हणून स्टोअरवाला किल्ल्या खुळखुळवत गेला.

तो अंगठा माझ्या धाकट्या दिराचा होता. संस्थेत त्यांना सगळे घाशा म्हणत. समोरासमोर म्हणत, पाठीमागे म्हणत, पगाराच्या दिवशीसुद्धा म्हणत. मी भाऊजी म्हणायचे. सव्वीस वर्षं त्यांनी त्या खोलीत उभं राहून काच आणि चिनीमाती घासली. उजव्या हाताच्या बोटांवरच्या रेषा पार पुसून गेल्या होत्या. एकदा संस्थेनं हजेरीसाठी अंगठा लावायचं यंत्र आणलं. ते त्यांना ओळखेचना. दहा वेळा अंगठा टेकवून झाल्यावर भाऊजी यंत्राला म्हणाले, "राहू दे बाबा, तुझं चालू दे." शेवटपर्यंत ते वहीतच सही करत राहिले.

चार मजल्यांवर चार तऱ्हेचं संशोधन चालायचं. खाली आमचं बियाण्यांचं, खाऱ्या पाण्यावर तग धरणारं पीक काढायचं. त्यावर औषधवाले. त्यावर वीज साठवणारे, बॅटरीवाले. सगळ्यात वर भुशापासून विटा आणि पत्रे बनवणारे. शिकलेली माणसं एकमेकांच्या मजल्यावर फारशी जात नसत. भाऊजींना मात्र चारही मजले पाठ होते, कारण सगळ्यांचं खरकटं त्यांच्याकडे यायचं. संध्याकाळी घरी येताना सांगायचे, "वहिनी, विटावाल्यांचं काहीतरी जमलंय. भांडी चिखलानं भरून येतायत." नाहीतर म्हणायचे, "औषधवाल्यांचं बसलं. आठ दिवस नळ्या कोऱ्याच परत आल्या." साहेबांना अहवाल वाचून कळायचं ते यांना मोरीत कळायचं.

साबण उरायचा त्याचं कारण मला ठाऊक होतं. बॅटरीवाल्यांच्या चिनीमातीच्या छोट्या वाट्या असत. त्यांत बॅटरीत भरायची पूड घालून त्या भट्टीत भाजायच्या. आतून वाटी खरखरीत, आणि पूड अशी करपून बसायची की संस्थेचा उंची साबण तिच्यापुढे हात टेकायचा. भाऊजींनी आपला उपाय काढला. मागच्या रस्त्यावर बेकरी होती. तिच्या भट्टीच्या मागच्या कोपऱ्यातली पांढरी राख रोज सकाळी डबाभर आणायची, फडक्यातून दोनदा चाळायची आणि तिनं वाट्या घासायच्या. वाट्या नव्यासारख्या निघत. औषधवाल्यांच्या काचेला मात्र ते राखेचा हात लावत नसत. तिथं साबण, उकळतं पाणी आणि वाफ, नियमाप्रमाणे. "तिथं माणसाच्या जिवाचा सवाल आहे," म्हणायचे. "बॅटरीला काय होतंय?"

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी मीच त्यांना तोडगा सांगितला. उरलेला साबण घरी आणा, म्हणजे उरणार नाही. ते तयार नव्हते. मी म्हटलं, "अहो भाऊजी, तो नालीत ओतण्यापेक्षा माझ्या बादलीत पडला तर कुणाचं काय जातं?" पुढची कितीतरी वर्षं आमच्या गल्लीत माझ्या पडद्यांइतके पांढरे पडदे कुणाचे नव्हते. शेजारणी विचारायच्या. मी नुसती हसायचे.

मग बॅटरीच्या मजल्यावर एक मुलगी आली. वय तिशीच्या आतलं, चष्मा, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या. ती स्वतः खाली यायची आणि म्हणायची, "काका, मला माझ्या जुन्याच वाट्या द्या. नव्यांत पूड नीट भाजत नाही." म्हणून तिला आम्ही वाटीबाई म्हणायला लागलो. ती उन्हाची वीज संध्याकाळसाठी धरून ठेवणारी स्वस्त बॅटरी बनवत होती, महागडा धातू न घालता. दुसऱ्यांच्या बॅटऱ्या शंभरदा भरल्या-रिकाम्या केल्या की मान टाकायच्या. हिची हजारदा केली तरी दमेना. त्या वर्षी तिच्या मजल्यावरून इतक्या वाट्या यायच्या की भाऊजींना दुपारी बसायला मिळत नसे, आणि ते खूश होते. संस्थेचे मोठे साहेब तिला पाहुण्यांसमोर "आमची लेक" म्हणायचे.

एवढी चांगली गोष्ट दुसऱ्यांनी करून पाहायलाच हवी. तसा नियमच असतो. दुसऱ्या दोन संस्थांनी तिच्या कागदावर लिहिल्याबरहुकूम पूड बनवली. ती पूड महिन्याभरात मेली, म्हणजे तिच्यात वीज टिकेना. मग तिघे तपासनीस इथं आले. येताना स्वतःच्या कोऱ्या वाट्या घेऊन आले आणि तिला म्हणाले, आमच्यासमोर बनवा. तिनं चार वेळा बनवली. चारही वेळा पूड मेली. बाकी सगळं तेच होतं. फक्त वाट्या नव्या होत्या, आणि वाटीकडे कोण बघतो?

बाईंनी आकडे मनानं लिहिले, असं वर बोललं जाऊ लागलं. मोठे साहेब तिला लेक म्हणायचे थांबले.

त्या आठवड्यात भाऊजी संध्याकाळी माझ्याकडे आले. चहा पुढे ठेवला तर कप नुसता फिरवत बसले.

"वहिनी, त्या तिघांच्या वाट्या मी पाहिल्या. कोऱ्या करकरीत. राख न लागलेल्या."

"मग?"

"माझ्या राखेनं तर काही होत नसेल ना? वाटीच्या आत भोकंभोकं असतात. कितीही धुतली तरी कण राहतोच. तो तिच्या पुडीत उतरत असेल तर?"

मला सगळं कळलं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईलाही कळेल इतकं ते सोपं होतं. आणि त्याच क्षणी मला माझे पडदे दिसले. राखेचं सांगितलं की साबणाचं निघणार. साबणाचं निघालं की चोरीचं निघणार. भाऊजींच्या निवृत्तीला अडीच वर्षं होती. माझी धाकटी जाऊ अंथरुणाला खिळलेली, तिची औषधं संस्थेच्या दवाखान्यातून यायची. एवढं सगळं मी त्यांना मोजून सांगितलं. पडद्यांचं तेवढं सांगितलं नाही.

"तुम्ही धुणारे. शोध लावणारे ते," मी म्हटलं. "त्यांचं ते निस्तरतील. तुम्ही मूग गिळून बसा."

ते बसले. पुरे दोन महिने बसले. वाट्या यायच्या कमी झाल्या. मग दिवसाला दोन, मग एक. एके दिवशी वाटी आलीच नाही. भाऊजी रिकाम्या मोरीपुढे हात पुसत उभे राहिलेले मी जाळीतून पाहिले. टेबलावर चढून पाहिले, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला न विचारता ते वर गेले. इथंच त्यांचं चुकलं. आयुष्यभर जो माणूस वरच्याला विचारल्याशिवाय नळ बदलत नव्हता, तो वाटीबाईकडे न जाता मोठ्या साहेबांकडे गेला. पायरी सोडून बोलायचं नाही, ही त्यांची शिस्त. तिनं आकडे खरे लिहिले की मनाचे, याच्या निकालाला तेव्हा आठ दिवस होते.

संध्याकाळी मला सगळं सांगितलं. साहेबांनी आधी खुर्चीवर बसवलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. बेकरी कुठली, लाकूड कुठलं, चाळता कशी, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "घाशा, हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"वहिनींना."

"त्या काय करतात?"

"खाली पाकिटं चिकटवतात, साहेब."

"मग हरकत नाही," साहेब म्हणाले. "साबणाचं मी बघतो, काळजी करू नकोस. बाईंनाही मीच कळवतो. तू राख आणत राहा."

भाऊजी हलके होऊन घरी आले होते. मीही हलकी झाले. साबणाचं कुणी बघणार होतं ना.

आठव्या दिवशी वाटीबाई गेली. सुट्टीच्या दिवशी येऊन टेबल रिकामं केलं, कुणाला भेटली नाही. भाऊजी म्हणाले, "एवढं खरं निघूनही गेली. मनाला लागलं असेल." साहेबांनी तिला कळवलंच नसेल, हे त्यांच्या मनात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी बोलले नाही. मला आता सवय झाली होती.

वर्षभरानं दारातल्या भिंतीवर वर्तमानपत्राचं कात्रण चौकटीत लागलं. मोठे साहेब, हातात बॅटरी. खाली लिहिलं होतं की त्यांनी अनेक वर्षांच्या परिश्रमानं एक वनस्पतीजन्य घटक शोधून काढला. मी ते एकेक अक्षर लावत वाचलं आणि भाऊजींना विचारलं, "वनस्पतीजन्य घटक म्हणजे काय हो?"

"आपली राख," ते म्हणाले. मग कात्रणावरून खालपर्यंत बोट फिरवलं. "वहिनी, बाईंचं नाव कुठं दिसत नाही."

"नीट बघा, तुमचंही नाही."

"माझं कशाला असेल?"

त्याच रविवारी आम्ही तिला शोधत गेलो. ती एका औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी होती. भाऊजींना पाहून हसली. "काय काका, वाट्या आणल्यात का?"

त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. साहेबांकडे कधी गेले तेही सांगितलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती ऐकता ऐकता गोळ्या मोजत होती, ते मोजणं मध्येच थांबलं.

"कुठल्या लाकडाची?" तिनं विचारलं.

"फळझाडांच्या. जुन्या बागा तोडतात ना, त्या."

"काळी की पांढरी?"

"पांढरी. मागच्या कोपऱ्यातली. दोनदा चाळलेली."

तिनं औषधाच्या कागदी पिशवीवर भराभर काहीतरी लिहिलं. चार ओळी असतील. चष्मा वर सारून त्या पुन्हा वाचल्या. तेवढ्यात मागचं गिऱ्हाईक खाकरलं. तिनं त्याच पिशवीत त्याच्या गोळ्या घातल्या आणि त्याला देऊन टाकल्या.

"मी रोज तुमच्याकडे यायचे, काका," ती म्हणाली. "वाट्या कशानं घासता, एवढं कधी विचारलं नाही."

मी पुढे झाले. म्हटलं, "यांचा दोष नाही. दोन महिने मीच यांना गप्प बसवलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "काकू, तुम्हाला काही औषध हवंय का? मागे रांग आहे."

मी खोकल्याचं औषध घेतलं. मला खोकला नव्हता.

घरी येऊन पडदे काढले आणि फडकी केली. त्यानं काय व्हायचं होतं? फडकीही पांढरीच होती.

भाऊजी वर्षभरानं निवृत्त झाले. तोवर त्यांचं काम वाढलं होतं. सकाळी बेकरीची राख मोठ्या साहेबांच्या टेबलावर पोचवायची, मग धुणं. साहेबांनी दुसऱ्या माणसांकरवी राख आणवून पाहिली होती, पण त्यांना काळी-पांढरी कळत नसे. शेवटच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले ती शेगडीतल्या कोळशाची राख डब्यात भरूनच.

"आज ही न्या," मी म्हटलं. "एक डबा चुकीचा जाऊ दे. साहेबांसमोरही तिघे येऊन उभे राहू देत. त्यांचीही पूड मरू दे चारदा."

त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, बोटानं राख चोळली. "ही खरखरीत आहे," म्हणाले.

"म्हणून तर आणली."

"वहिनी, बाईंच्या टेबलावर आता दुसरी मुलगी बसते. पूड ती बनवते. मेली तर साहेब तिचं नाव सांगतील."

मी डबा परत घेतला.

ते नेहमीच्या वेळी निघाले. मीही कामाला निघाले होते, म्हणून बरोबर गेले. बेकरीवाल्यानं "या घाशाकाका" म्हणून मागचं दार उघडलं. भाऊजी वाकले, मागच्या कोपऱ्यातली राख पितळी चमच्यानं वरवर उचलली, काळं दिसलं तेवढं फुंकून काढलं. धुण्याच्या खोलीत येऊन फडक्यातून चाळली. मग पुन्हा चाळली. घाई नव्हती, उशीरही केला नाही. डबा घेऊन दोन जिने चढले. साहेब जागेवर नव्हते. टेबलावर कागद पसरले होते. त्यांनी ते एका बाजूला सारले, डब्याचा तळ बाहीनं पुसला, म्हणजे टेबलावर वर्तुळ उमटू नये, आणि डबा जिथं रोज ठेवत तिथं ठेवला.