दुसऱ्या खिडकीतलं पेन

नोकरीभर मी लोकांची नावं, तारखा आणि पत्ते लिहिले. स्वतःच्या मनानं चार ओळी लिहायची वेळ फारशी आली नाही, त्यामुळे हे कितपत जमेल मला ठाऊक नाही. पण दप्तरीकाकांबद्दल लिहायला आता दुसरं कुणी उरलेलं नाही. तेव्हाचे बहुतेक जण गेले. जे आहेत त्यांना काका आठवले तर अंगाला खळीचा वास येणारे एवढेच आठवतील.

आमची कचेरी जन्ममृत्यूच्या नोंदींची. एका लांबट खोलीत तीन खिडक्या होत्या. पहिलीवर जन्म, दुसरीवर मृत्यू, तिसरीवर दाखल्यांच्या नकला. मी दुसरीवर बसायचो. दप्तरीकाका आमच्या पाठीमागे, कपाटांच्या आडोशाला. रजिस्टरं शिवायची, सुटलेली पानं चिकटवायची, पुठ्ठे बदलायचे आणि कागद, शाई, पेनं यांचं वाटप करायचं, हे त्यांचं काम. ते दोऱ्याला मेण लावता लावता बोलायचे आणि बोलताना दोऱ्याकडेच बघायचे. त्यांनी शिवलेलं रजिस्टर कुठल्याही पानावर उघडलं तरी सपाट पडायचं. बाहेरून शिवून आणलेली रजिस्टरं मात्र हातानं दाबून धरावी लागत. काका त्यांना ‘रुसलेली’ म्हणत.

नोंदीच्या शाईचा नियम कडक होता. पाण्यानं न जाणारी पक्की काळी शाईच वापरायची, बॉलपेन अजिबात नाही. त्यामुळे सही करायला आलेल्या माणसाच्या खिशात स्वतःचं पेन असलं तरी त्याला कचेरीचं शाईपेन द्यावं लागे. काकांनी तापलेल्या सुईनं प्रत्येक पेनावर नंबर कोरलेला होता. तरी वर्षाला तीस-पस्तीस पेनं जात. आधीचे साहेब त्यावर सही करून मोकळे व्हायचे.

मग नवे साहेब आले. वयानं माझ्याहून लहान, टापटिपीचे. माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येक गोष्ट जागच्या जागी हवी असायची. त्यांनी सामानाची वही तपासली आणि सगळ्यांसमोर काकांना विचारलं, “दप्तरी, आपल्या कचेरीत पेनांना पाय फुटतात का?”

सगळे हसले. मीही हसलो असेन. मग साहेब त्याच सुरात म्हणाले, “नातवंडं शाळेत जाणारी आहेत ना तुमची?”

ते कदाचित सहज बोलले असतील. पण काकांच्या हातातला दोरा थांबला. साहेबांनी पुढे सांगितलं, की महिनाअखेरीला मोजणी होईल आणि एक जरी पेन कमी भरलं तरी सेवापुस्तकात शेरा मारावा लागेल. काकांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. त्यांच्या सेवापुस्तकात रजा आणि पगारवाढीच्या नोंदींखेरीज एक अक्षर नव्हतं. कोरं पुस्तक घेऊन घरी जायचं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. त्यांनी ती कधी बोलून दाखवली नव्हती, पण आम्हाला सगळ्यांना माहीत होती.

काकांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते आपलं स्टूल घेऊन खिडक्यांमागे येऊन बसले आणि शिवणकाम करत लोकांचे हात बघू लागले. आठ दिवसांनी डबा खाताना मला म्हणाले, की पहिल्या खिडकीवरून पेनं जात नाहीत, उलट एक नवा बाप आनंदाच्या भरात स्वतःचंच पेन ठेवून गेला. तिसरीवरचे लोक भांडायला आलेले असतात, ते पेन आपटून जातात. जातात ती सगळी दुसरीवरून; या आठ दिवसांत गेलेली दोन त्यांनी मागे जाऊन परत आणली होती.

मला चोरासारखं झालं. दुसरी म्हणजे माझी. मी म्हणालो, आता लक्ष ठेवीन, हटकीन.

“हटकू नका,” काका म्हणाले. “ते चोरत नाहीत हो. सही झाली की पेन खिशाला लावायचं, ही हाताची सवय. हात तेवढं करतो. बाकीचा माणूस तिथे नसतोच.”

पहिला उपाय त्यांनी सगळ्यांना माहीत असलेलाच केला. टोपण आपल्याकडे ठेवायचं आणि नुसतं पेन द्यायचं. त्यांनी टोपण खिळ्यानं माझ्या फळीलाच ठोकलं. उघडं पेन कुणी खिशाला लावणार नाही असा हिशेब. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी भावाची नोंद करायला आलेला एक माणूस सही करून, दाखला घेऊन निघाला. दारापाशी पोचेपर्यंत त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर छातीशी काळा डाग वीतभर पसरला होता. लोक बघत होते, त्याला पत्ता नव्हता. बाहेर कुणीतरी सांगितलं तेव्हा त्यानं खाली पाहिलं आणि पेन काढून पायरीवर ठेवून गेला. पेन परत मिळालं. पण काकांनी त्या दुपारी खिळा उपटला आणि टोपणं खणात टाकली.

पुढच्या रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो होतो. दीड खोली. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून काका फळीच्या तुकड्याला भोक पाडत होते. शेजारी दोऱ्याची रिकामी लाकडी रिळं, तार आणि वाळूनं भरलेली एक इवलीशी कापडी थैली. काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “बघा भावजी, पेनाला दावं बांधतायत. यांच्या चष्म्याला कधी बांधणार विचारा. रोज सकाळी अर्धं घर त्याच्या मागे धावतं.”

“चष्मा कुणी नेत नाही,” काका म्हणाले.

“नेला असता तर बरं झालं असतं, नवा तरी आणला असता.”

नंतर मला दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, की साहेबांचं ते नातवंडांचं बोलणं यांच्या डोक्यातून गेलेलं नाही. नातू काहीतरी लिहीत बसला की जाऊन त्याचं पेन उलटंसुलटं करून बघतात. कचेरीचं नाही ना म्हणून. आणलेलंच नसलेलं पेन.

सोमवारी काकांनी ती युक्ती माझ्या खिडकीला बसवली. पेनाच्या मागच्या टोकाला मेण लावलेला बारीक काळा दोरा. तो फळीच्या भोकातून खाली, आत तारेवर फिरणाऱ्या रिळावरून, आणि त्याच्या टोकाला वाळूची थैली. पेन ओढलं की थैली वर यायची, दोरा हवा तेवढा सुटायचा. सोडलं की थैली आपल्या वजनानं खाली जायची आणि पेन सावकाश सरकत भोकापाशी येऊन उभं राहायचं. आवाज नाही, झटका नाही. कुणी खिशाकडे नेलंच तर दोरा हलकेच आठवण करून द्यायचा आणि माणूस न ओशाळता पेन खाली ठेवायचा. आमच्याकडे दिवसभर सगळे ते ओढून सोडून बघत होते. साहेबांनीही दोनदा ओढून पाहिलं. “इतकी वर्षं हे डोकं कुठे ठेवलं होतं?” असं म्हणाले, म्हणजे खूश होते.

दोन आठवडे एकही पेन गेलं नाही. काका पुन्हा कपाटाआड जाऊन बसले. मध्येच येऊन गुडघ्यावर बसायचे, रिळाला मेण लावायचे, दोरा तपासायचे. महिना संपायला दोन दिवस उरले तेव्हा त्यांना वाटलं, की पेन पूर्ण परत येत नाही, बोटभर अलीकडेच थांबतं. दोरा फळीच्या भोकाला घासत होता. भोक मोठं करायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी थैली उसवून तीत आणखी मूठभर वाळू भरली. पेन टक्कन जागेवर येऊ लागलं. धडधाकट माणसाला तो फरक जाणवलाही नसता.

त्याच दिवशी दुपारी एक म्हातारे गृहस्थ एकटेच आले. बायकोची नोंद करायची होती. सगळे कागद नीट लावून आणले होते. मी नोंद लिहिली, वाचून दाखवली आणि रजिस्टर फिरवून त्यांच्यासमोर सरकवलं. त्यांनी पेन धरलं. पहिलं अक्षर टेकलं आणि पेन मागे सरकलं, चौकटीबाहेर रेघ गेली.

आमच्या रजिस्टरात खाडाखोड झाली की त्या खाडाखोडीवरही सही लागते. मी तसं सांगितलं. त्यांनी त्यावर सही करायला घेतली, तीही घसरली. आता दोन खाडाखोडी झाल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. दोरा ताठ झालेला मला दिसत होता. खाली थैली आहे, ती जड आहे, हे मला माहीत होतं. तरी मी नुसता नियम सांगत राहिलो.

ते गृहस्थ म्हणाले, “माफ करा. कालपर्यंत येत होती सही. हात आता ऐकत नाही.”

हे ऐकलं आणि काका उठले. पुठ्ठा कापायची पाती हातातच होती. त्यांनी पेनापाशी दोरा धरला आणि कापला. थैली खाली धप्पकन पडली आणि उसवली.

“हात चांगला आहे तुमचा, आजोबा,” काका म्हणाले. “पेनच ओढत होतं. आता करा.”

त्यांनी सही केली. सावकाश, पूर्ण नाव, सगळ्या वेलांट्या जागच्या जागी. मग खाडाखोडींवर दोन. मी दाखला दिला. त्यांनी तो घडी घालून आतल्या खिशात ठेवला आणि पेन वरच्या खिशात खोचलं. दोऱ्याचा तुकडा खिशाबाहेर लोंबत होता. ते वळून चालू लागले.

काकांनी खण उघडून एक टोपण घेतलं आणि बाजूच्या दारानं बाहेर गेले. मला वाटलं, पेन आणायला गेले. मी खिडकीतून बघत होतो. त्यांनी आजोबांना थांबवलं, खिशातलं पेन काढलं, टोपण लावलं आणि पुन्हा त्यांच्या खिशाला नीट अडकवून दिलं. आजोबांनी मान हलवली. काका परत आले आणि गुडघ्यावर बसून सांडलेली वाळू गोळा करू लागले.

मी खाली वाकून म्हणालो, “काका, परवा मोजणी आहे. पत्ता आहे रजिस्टरात. संध्याकाळी मी जाऊन घेऊन येतो.”

“आणि काय सांगाल?” त्यांनी विचारलं.

मी गेलो नाही.

मोजणीत सतरा नंबरचं पेन कमी भरलं. साहेबांनी काकांना आत बोलावलं आणि अक्षर बरं म्हणून मलाही, सेवापुस्तक घेऊन. साहेब सांगू लागले, मी लिहायला सरसावलो, “लेखनसामग्रीच्या बाबतीत निष्काळजीपणा केल्यामुळे एक पेन गहाळ...”

“साहेब,” काका म्हणाले, “निष्काळजीपणा नका लिहू. गहाळ पण नाही झालं. मी दिलं ते.”

साहेबांनी मला हातानं थांबवलं. मग त्यांनी काकांना समजावलं, आणि खरं सांगायचं तर मायेनंच समजावलं. निष्काळजीपणा लिहिला की ताकीद देऊन विषय मिटतो. कचेरीची वस्तू समजून उमजून दिली म्हटलं की चौकशी लागू शकते, आणि निवृत्तीच्या तोंडावर ते बरं नाही.

“चौकशी लावा. पण मी ते डोळे उघडे ठेवून दिलंय. इतकी वर्षं काम केलं, शेवटी निष्काळजी म्हणून नका पाठवू घरी.”

साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, की तुम्ही तिथेच होतात, काय झालं ते सांगा. मी तुटक तुटक सांगितलं. म्हातारे आले, सही होईना, काकांनी दोरा कापला. थैली जड केली होती ते मी सांगितलं नाही. कुणी विचारलं नव्हतं. आजोबा काय म्हणाले ते मात्र सांगितलं. साहेब खाली टेबलाकडे बघत राहिले.

नंतर त्यांनी मला सांगितलं तसं मी लिहिलं, “क्रमांक सतराचे पेन दुसऱ्या खिडकीवर एका अर्जदारास दिले.” का, कसं, काही नाही. ताकीदही नाही. पण शेरा तो शेराच. पुस्तक कोरं राहिलं नाही. काकांनी ती ओळ दोनदा वाचली, “बरोबर आहे” म्हणाले आणि खाली सही केली.

बाहेर आल्यावर मला हायसं वाटलं. मी काहीतरी बोलणार होतो, पण काका मध्येच थांबले.

“थैलीचं का नाही सांगितलंत तुम्ही?”

मी म्हणालो, विचारलं नाही म्हणून.

“वाळू मी वाढवली होती. भरून झाल्यावर सही करून बघायला हवी होती, ती बघितली नाही. तो मात्र निष्काळजीपणाच.”

“काका, झालं ते झालं. राहू दे आता.”

त्यांनी ऐकलं नाही. चष्मा नीट केला, मागे फिरले आणि साहेबांच्या दारावर टकटक केलं. आतून साहेबांचा आवाज आला, “आता काय राहिलं, दप्तरी?” काका आत गेले आणि दार लावून घेतलं. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. सेवापुस्तक माझ्याच हातात होतं. त्यात आणखी काही लिहायला म्हणून ते मागायला कुणी आलं नाही.