गोधडीतला खिसा

या गोष्टीत मी भर जत्रेत मुद्देमालासह चोर पकडला होता, आणि तरीही ती सांगायचं मी आजवर टाळत आलो.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता आणि मी तिथे वेल्डर होतो. दिवसभर ठिणग्यांत राहून माझा स्वभावही तसाच झाला होता. (गिरजा, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "तो लग्नातच तसा होता. कारखान्याले कावून बदनाम करता?") त्या वर्षी माझा निळ्या चौकडीचा सदरा दोरीवरून नाहीसा झाला. साधासुधा सदरा नव्हता तो! तोच घालून मी वर्ध्याहून आलो, तोच घालून नोकरीला लागलो. खिशावर शाईचा डाग होता, बाकी सदऱ्याची ठिणग्यांनी चाळण झाली होती, पण ते सोडा. मी शेजारच्या बोरकरला चोर ठरवून टाकलं. पुरावा? त्याची दोरी माझ्या दोरीला लागून होती!

"आजपासून त्या घराशी बोलाचं नाही!"

"अहो, पण तो सदरा..." गिरजाने तोंड उघडलं.

"एकदम चूप!"

ती आत निघून गेली.

थंडीत भिलाईतल्याच सुपेल्याच्या बाजूला दरवर्षी हस्तकलेची जत्रा भरायची. गिरजा म्हणाली, "चला न, तुमाले गंमत दाखवाची हाय." कुरकुरत गेलो. आत शिरताच, "इथंच थांबा, आलीच मी," म्हणून ती गर्दीत गेली. थांबेन तर मी कसला! बांबूच्या टोपल्या, पितळेचे हत्ती, मातीचे घोडे, सगळ्यांवर नाक मुरडत मी गोधड्यांच्या मांडवात पोचलो आणि थिजलोच. समोर टांगलेल्या गोधडीच्या मधोमध माझा खिसा! तीच निळी चौकडी, तोच शाईचा डाग. आणि राखणीला कोण? बोरकरची बायको!

"वा वहिनी! चोरी करता अन् वरून प्रदर्शनात मांडता?"

"भाऊजी, काय बोलून राहिले तुमी? हात नका लावू! नंबर काढाले बाई येऊन राहिल्या!"

"माझा सदरा हाय तो!"

"अहो, पण हे गोधडी तर..."

"एकदम चूप!"

एक टोक मी ओढलं, दुसरं वहिनींनी. आमच्या कारखान्यातल्या एका रशियन इंजिनियरची बायको हीच इथली लोककला समजून टाळ्या वाजवू लागली. त्याने मला आणखीच चेव आला. मी पाय रोवले, जोर लावला आणि टर्रर्र! कोपरा माझ्या हातात, वहिनी गोधडीसकट मातीच्या घोड्यांवर!

मागे वळलो. नंबर काढणाऱ्या बाईंना घेऊन गिरजा उभी होती.

"ये किसकी है?" बाईंनी विचारलं.

"मेरी," गिरजा म्हणाली.

"फटी हुई को नंबर कैसे दें?" म्हणत बाई पुढच्या गोधडीकडे गेल्या. गिरजा रडली असती तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "जळक्या सदऱ्यातला एवढाच चांगला तुकडा उरला होता. तुमच्या नोकरीचा खिसा, म्हणून मधात लावला. पहिला नंबर येईल, मंग तुमाले दाखवीन म्हणलं."

"मग आधी सांगाचं नाही का?" (हो, तेव्हाही मीच ओरडलो!)

"सांगू देल्लं तुमी?"

तो कोपरा तिने कधीच जोडला नाही. दर थंडीत ती तीच गोधडी माझ्या अंगावर टाकायची, फाटका कोपरा नेमका पायाशी. दर थंडीत मी म्हणायचो, "गिरजा, ऐक न..."

"काय?"

"पाय गारठले."

"गारठू द्या."

आता गिरजा नाही. गोधडी ओढून मी रोज ते वाक्य म्हणतो, न ओरडता, शेवटपर्यंत: "गिरजा, चुकलो मी." फाटक्या कोपऱ्यातून बाहेर आलेला माझा अंगठा ते मुकाट्याने ऐकून घेतो. त्याला 'एकदम चूप' म्हणावं लागत नाही.