चावीकाकू आणि न निघणारे बूट

त्या भागात कुणाला घर घ्यायचं असो की विकायचं, पहिला फोन चावीकाकूंना जायचा. काकूंचं खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर आली नाही. पर्समधल्या चाव्यांचा खुळखुळाट काकूंच्या आधी जिना चढायचा आणि लोक म्हणायचे, "आल्या चावीकाकू."

मूळचा हा धंदा काकांचा. काकांचे गुडघे बोलायला लागले तेव्हा काकू म्हणाल्या, "महिनाभर मी बघते." तो महिना काही अजून संपलेला नाही. काका घरी बसून फोन घेतात, आणि काकू लोकांना घरं दाखवत जोडे झिजवतात.

जोडे झिजवतात ते फक्त रस्त्यावर. घराच्या आत नाही. घर बघायला येणाऱ्याने पायातलं बाहेर काढायचं, हा काकूंचा नियम. सुरुवातीच्या दिवसांत एका गिऱ्हाइकाने रस्त्यावरचं ताजं डांबर बुटाला लावून आणलं आणि एका आजींच्या सायीसारख्या गालिच्यावरून थेट बाथरूमपर्यंत फेरफटका मारला. आजी सोफ्यावर बसून नुसत्या त्या काळ्या पावलांकडे बघत राहिल्या. काकू पदर खोचून, रॉकेलचा बोळा घेऊन दुपारभर रांगत होत्या. डाग गेले, वास राहिला, आणि पुढे कितीतरी दिवस येणारा प्रत्येक जण नाक मुरडून विचारायचा, "इथे स्टोव्ह भडकला होता का?"

तेव्हापासून काकू जय्यत तयारीने फिरू लागल्या. घडीचं स्टूल, टाच बुटात सरकवायचा लांब दांड्याचा शूहॉर्न, आणि एका पिशवीत धुतलेले मोजे. कारण बूट काढायला नकार देणाऱ्या निम्म्या लोकांचा अंगठा मोज्यातून बाहेर डोकावत असतो, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. काका म्हणायचे, "तू घरं विकतेस की मोजे?" काही लोक उंबऱ्यावरूनच मान लांब करून "दिसतंय की सगळं" म्हणायचे. एक गृहस्थ जाताना मालकाच्याच चपला घालून गेले होते. पण नियम म्हणजे नियम. काकूंनी तो कुणासाठी वाकवला नव्हता.

मग शिंपीमास्तरांचं घर विकायला निघालं. मास्तर मुलीकडे राहायला जाणार होते. घर तिसऱ्या मजल्यावर, लख्ख, हवेशीर, आणि फरशी अशी की तोंड बघून भांग पाडावा. "कापड जमिनीवर पडतं," मास्तर सांगायचे, "म्हणून जमीन कापडापेक्षा स्वच्छ पाहिजे." काकूंना इतका मनासारखा मालक कधी भेटला नव्हता.

एका रविवारी सकाळी घर बघायला चौघं आली. लग्न ठरलेला मुलगा, मुलगी आणि मुलीचे आईबाबा. मुलगी पोहायला शिकवायची; खांदे रुंद, हातपाय लांब, पण चालायची मात्र थोडं पोक काढून. मुलगा रेडिओवर बातम्या सांगायचा. आवाज असा भारदस्त, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस प्रत्येक दारातून वाकूनच आत येत असणार. मुलीच्या आई इस्पितळात जखमांच्या ड्रेसिंगच्या खोलीत नोकरीला होत्या. बाबा शांत. त्यांच्या वाटणीचं बोलायचं काम आईच करायच्या.

आईंनी सँडल काढल्या, मुलीने आणि बाबांनी चपला काढल्या. मुलगा जिन्याच्या कठड्याला धरून उभाच.

"साहेब, स्टूल देऊ?" काकूंनी विचारलं.

"मी थांबतो इथेच," मुलगा बातम्यांच्या आवाजात म्हणाला. "तुम्ही बघून घ्या. तुमची पसंती ती माझी पसंती."

"राहायचंय तुम्हाला," आई म्हणाल्या. "आम्ही काय पसंत करणार?"

"पायाला जरा जखम झालीय."

हे त्याने नको त्या माणसासमोर सांगितलं. आईंनी तिथल्या तिथे बाह्या सारल्या. "कुठे? बघू. काढा मोजा."

"तशी बरी झालीय."

"मग काढा बूट!"

मुलाने पाय मागे घेतले. काकूंनी त्या बुटांकडे बघितलं. वर्षानुवर्षं लोकांच्या पायांकडेच बघत आलेली बाई. त्यांच्या लगेच लक्षात आलं, की याचा घोटा जिथे हवा त्याच्या बराच वर आहे.

"तुम्ही पुढे व्हा, आधी गॅलरी बघा," त्या मोठ्याने म्हणाल्या. "यांच्या नाडीला गाठ बसलीय, मी सोडवते." तिघं आत गेली. काकू खाली वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "किती?"

"चार बोटं," मुलगा पुटपुटला. आवाजातला भारदस्तपणा कुठल्या कुठे गेला होता. "टाचेखाली रबर आहे."

"आणि तिला माहीत नाही?"

"लग्नानंतर हळूहळू कमी करत नेणार होतो. दर वर्षी थोडं थोडं."

काकूंना हसूही आवरेना आणि त्याची दयाही आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून निघालं, "राहू दे रे बाळा. बूट घालूनच चल आत."

आतून मास्तरांचा आवाज आला, "काकू, बूट चालणार नाहीत हं! तुम्हीच सांगितलेलं आहे."

काकूंनी जीभ चावली. "मग असं कर," त्या कुजबुजल्या, "चवड्यांवर चाल."

बूट काढून मुलगा चवड्यांवर आत शिरला. घरात तान्हं बाळ झोपलंय अशा थाटात त्याने बैठकीची खोली पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं, नळ सोडून पाहिला. पोटऱ्या थरथरत होत्या, आणि बुटांच्या मापाने शिवलेल्या पँटचे पाय फरशीवर लोळत होते.

बाबांनी बराच वेळ निरखून सकाळचं पहिलं वाक्य उच्चारलं. "असे का चालताय?"

 काकूच बोलल्या, "खालच्या मजल्यावरच्यांना पावलांचा त्रास नको म्हणून."

"वा!" बाबा आईंना म्हणाले. "किती समंजस मुलगा आहे."

सगळं निभावून गेलं असतं. पण गॅलरीतून मुलीने हाक मारली, "अरे, लवकर ये! इथून अख्खं मैदान दिसतंय!" आणि हा प्रेमाचा गडी चवड्यांवर पळाला. उजवा पाय पँटच्या लोळणाऱ्या डाव्या पायावर पडला आणि मास्तरांच्या आरशासारख्या फरशीवरून महाशय बसल्या बसल्या थेट गॅलरीच्या दारापर्यंत गेले.

सगळे धावले. मुलगा गडबडीने उठला आणि चवडे विसरून सरळ उभा राहिला. जिन्यात जो मुलीच्या बरोबरीचा होता तो आता तिच्या कानाला लागत होता.

 काकूंना वाटलं, आज घर तर गेलंच, लग्नही गेलं, आणि दोन्ही आपल्या नियमापायी.

पहिले बोलले ते मास्तर. ते गुडघ्यांवर बसून पँटचा काठ चिमटीत धरून बघत होते. "कुणी शिवली ही? चार बोटं लांब ठेवलीय! माणूस मेला असता!"

मुलगी खो खो हसायला लागली. मुलगा म्हणाला, "मी सांगणारच होतो…"

"मला माहीत आहे रे."

"कधीपासून?"

"पहिल्यांदा भेटलो तेव्हापासून. बागेतल्या बाकावर बसला होतास आणि तुझे पाय जमिनीला टेकत नव्हते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढे कष्ट घेत होतास, म्हटलं कशाला हिरमोड करा! पण तुझ्या बरोबरीने दिसावं म्हणून मी पोक काढून काढून चालतेय ना, माझी पाठ धरलीय पार!" असं म्हणून तिने पाठ ताठ केली. ती आणखी चार बोटं वर गेली. मुलगा मान वर करून बघतच राहिला, आणि काकूंनी पाहिलं, की त्याला ते आवडलं होतं.

आता सगळ्यांचे डोळे आईंकडे. आईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "हे मला पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा चष्मा खिशात लपवून आले होते. अर्धा तास माझ्या धाकट्या बहिणीला 'तुम्ही फोटोपेक्षा छान दिसता' म्हणत होते."

"ते आत्ता कशाला?" बाबा म्हणाले.

"काढा पँट," मास्तर मुलाला म्हणाले. "ही अशी घालून जिना उतरू देणार नाही मी."

मुलाला चादर गुंडाळून खुर्चीत बसवलं, आणि मास्तरांचं मशीन सुरू झालं. जावई चादरीत, त्यामुळे कुणाला जाताही येईना. आई स्वयंपाकघरात शिरल्या आणि विचारून न विचारल्यासारखं करत त्यांनी चहा टाकला. बाबा गॅलरीतल्या वाऱ्याला डुलक्या काढू लागले. मुलगी फरशीवर लांबच लांब पाय पसरून बसली. ऊन हळूहळू खोलीत सरकत आलं, तेव्हा चादरीतून हात बाहेर काढून मुलगा म्हणाला, "पुस्तकांचं कपाट त्या भिंतीला लावलं तर?"

काकू एरवी पाव तासात घर दाखवून मोकळ्या व्हायच्या. लोक खोल्यांतून पळत जायचे, भिंतीवर टकटक करायचे, निघायचे. घर बघायला आलोय हे विसरून बसलेली गिऱ्हाइकं त्यांनी प्रथमच पाहिली, आणि मध्ये काही बोलायचं नाही एवढं त्यांना कळलं. मास्तरांनी दातांनी दोरा तोडला आणि म्हणाले, "काकू, द्यायचं तर यांनाच देऊ." आईंनी घासाघीस केलीच, पण चहा पोटात असल्यामुळे बेताने.

संध्याकाळी काकूंनी काकांना सगळं सांगितलं. "आज मी स्वतःच नियम मोडायला निघाले होते हो."

"मग मोडलास?"

"मास्तरांनी मोडू दिला नाही. बरं झालं म्हणायचं, पण त्या पोराचा चेहरा बघवत नव्हता."

हल्ली काकू बाकीच्यांना आधी आत पाठवतात, आणि बूट काढायला अडखळणाऱ्या माणसाला स्टूल देऊन स्वतः पाठ फिरवून चाव्या शोधत बसतात. चाव्या सापडायला हवा तेवढा वेळ लागतो.

लग्न झालं, संसार मांडला गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलीच्या आईंचा काकूंना फोन आला. त्यांनाही आता घर बदलायचं होतं.

"मुलीच्या जवळपास बघू का?" काकूंनी विचारलं.

"जवळ हवंच," आई म्हणाल्या, "पण इतकंही नको, की जावई बातम्यांचा सराव करायला लागला तर आम्हाला ऐकू येईल. पहाटे करतो म्हणे. फार मोठा आवाज आहे हो त्याचा."

काकू अजून शोधताहेत.