बाबांचा हळू आवाज

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. अकोल्यात आमचं घर जिनिंगला लागून होतं आणि बाबा तिथे मिस्त्री. कापसाचा हंगाम आला की सरकी काढणारे रेचे दिवसभर खडखडत आणि घरात मीठ मागायलासुद्धा ओरडावं लागे. आम्हाला ते ओरडणं वाटतच नसे. बोलणं म्हणजे तेच.

अमरावतीचे लोक मला पाहायला यायचे ठरले. मुलगा मास्तर, घर शांत वस्तीतलं. त्यांना खडखडाटाचा त्रास नको म्हणून मायने मोठ्या शहाणपणाने जिनिंगच्या सुट्टीचा वार धरला. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

चहा देऊन मी आत आले. मुलगा मला मनापासून आवडला होता, आता या वयात लपवू कशाला? माझ्यामागून बाबा स्वयंपाकघरात आले, मायच्या कानाशी वाकले आणि त्यांच्या मते कुजबुजले, "पोट्टा चांगला हाये वं, पण त्याची माय भल्ली कडक दिसते!"

बैठकीतल्या कपबशा वाजायच्या थांबल्या. मायने कपाळाला हात लावला. "जरा हळू बोला ना!"

"हळूच तं बोलून राह्यलो!"

तेही बाहेर ऐकू गेलं. सोयरीक मोडली असंच मी धरून चालले.

तेवढ्यात बैठकीतून मुलाच्या आईचा आवाज आला, "कडक तं हावोच मी! पण पोटात तेच ओठात, अशा घरची पोरगी मले पसंत हाये."

बाबा इतके ओशाळले की त्यांनी हळू बोलायचं व्रतच घेतलं. मग काय, चालू रेच्यांत त्यांचे नुसते ओठ हलताना दिसत आणि माय चिडून लाल होई.

लग्न झालं तेव्हा हंगाम सरत आला होता, पण रेचे चालूच होते. मी दमणीत बसले. बाबा बैलांपाशी आले आणि काहीतरी बोलले. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. नवरीची लाजबीज सोडून मी ओरडले, "बाबा, जोरानं बोला ना!"

त्यांनी एकदा विहीणबाईंकडे पाहिलं. मग छातीत दम भरून ओरडले, "मले तुह्याबिगर करमनार नाई वं बाई!"

अमरावतीच्या त्या शांत घरात हा आवाज निघाला असता तर गल्ली गोळा झाली असती. त्या खडखडाटात मात्र बाबा माझ्या कानाशी हळूच बोलल्यासारखे वाटले.