भावोजींची बादली

आमच्या भावोजींना घरात कुणी समुद्राबद्दल विचारायचं नाही, असा ताईचा दंडक आहे. विचारलं की ते चष्मा पुसतात, आणि चष्मा पुसला की पुढच्या तासाभराची निश्चिंती. ताईच्या नवऱ्याची चेष्टा करणं हा मेहुणीचा हक्कच असतो, पण मी हे हक्काने नाही, वैतागून लिहिते आहे.

भावोजी किनारा कार्यालयात निरीक्षक. समुद्राचं पाणी बिघडू नये हे बघणं त्यांचं काम, आणि समुद्राशीच त्यांचं वाकडं. होडीत पाय ठेवला की पोटात ढवळतं, ओल्या वाळूत बुटांची वाट लागते, वाऱ्याने भांग मोडतो. त्यामुळे अख्खी नोकरी त्यांनी काठावरून समुद्रावर लक्ष ठेवण्यात काढली. त्यांच्या पँटची इस्त्री मात्र संध्याकाळपर्यंत कडक असते, हे कार्यालयात सगळेच मान्य करतात.

गावाबाहेर समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना आहे. त्याच्या नावाने मी बोटं मोडणार नाही, कारण त्याचंच पाणी माझ्या घरी येतं आणि मी ते घटाघटा पिते. आत घेतलेल्या पाण्यातलं निम्मं गोडं होऊन गावात येतं. उरलेलं, जवळजवळ दुप्पट खारं झालेलं, जाड पाइपातून परत समुद्रात सोडतात. पाइपाच्या तोंडापासून ठरावीक अंतरावर पाण्याचा नमुना घ्यायचा आणि खारटपणा मर्यादेत आहे का ते तपासायचं, असा नियम. हा नमुना भावोजी घेत.

कसा घेत, ते बघण्यासारखं होतं. कारखान्याच्या धक्क्याचं टोक नेमकं त्या अंतरावर येतं. तिथे कारखान्याचा माणूस त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा. भावोजी दोरीला बांधलेली बादली दोन बोटांनी सोडणार, ती पाण्याला जेमतेम टेकली की वर ओढणार, बाटली भरणार, सील लावणार, हात पुसणार. मग चहा. नमुना कायम पास. नापास होणार तरी कसा? जास्त खारं पाणी जड असतं. ते तळाशी बसतं आणि तळातळानेच पसरत जातं. वर कशाचाच पत्ता नसतो.

हे मला शिकवलं कुणी? भावोजींनीच. ताईच्या स्वयंपाकघरात, चहात साखर घालून, न ढवळता. "आता वरचा घोट घे," म्हणाले. अगदी फिका. "आता तळाचा." तोंड गोडमिट्ट झालं.

"कळलं का?"

"कळलं. मग तुम्ही बादली तळाला का सोडत नाही?"

त्यांनी चष्मा पुसला. "नियमात अंतर दिलंय. खोली नाही दिलेली."

माझं पोट त्या तळावर चालतं. ओहोटी लागली की मी खाडीच्या तोंडाशी दाताळ्याने वाळू उकरते, शिंपल्या काढते, बाजारात नेऊन विकते. पूर्वी दाताळं वाळूत घातलं की करकर आवाज यायचा. तो हळूहळू विरळ झाला. जिवंत शिंपली हात लागताच मिटते. आता निघत त्या आ वासलेल्या, आत काळा चिखल भरलेल्या. एक दिवस मी तसल्या शिंपल्यांची टोपली उचलली आणि थेट ताईच्या दारात नेऊन ठेवली. घरभर वास सुटला.

"अगं, हे काय आणलंस?" ताईने नाक दाबत विचारलं.

"तुझ्या नवऱ्याचा पास झालेला नमुना."

भावोजी जेवत होते. त्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "भाजीत मीठ जरा पुढे झालंय." चिमूटभर मीठ कळणारी ही जीभ! माझं डोकंच फिरलं.

"भावोजी, कारखान्याच्या परवान्याची मुदत संपतेय. सुनावणीत तुम्हालाच बोलायचंय. नमुना तळाचा घ्यायचा, एवढी एक अट घालायला सांगा. नाहीतर मला दाताळं भंगारात द्यावं लागेल."

"आणि विचारलं, इतकी वर्षं काय करत होतात, तर? निवृत्तीला आलोय गं मी."

ताईने त्यांच्यासमोरचं ताट उचललं. "झालं असेल तर उठा," म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा ती माझ्या बाजूने बोलली, ती अशी.

सुनावणी गावाच्या सभागृहात झाली. कारखान्याने प्रत्येक खुर्चीवर आपल्या गोड्या पाण्याची बाटली ठेवली होती. कारखान्याच्या वकिलाला समुद्राबद्दल इतकं प्रेम दाटून आलं होतं की मधे थांबून त्याने घसा साफ केला. आजवर एकही नमुना नापास नाही, हे त्याने निरनिराळ्या शब्दांत सांगितलं. मग भावोजी उभे राहिले, आणि मीही उभी राहिले.

"साहेब," मी म्हटलं. घरचं नातं तिथे कशाला काढा? "तुम्ही बादली किती खोल सोडता?"

भावोजींनी चष्मा काढला. झालं, आता पुसणार, असं मी मनात म्हटलं. पण त्यांनी तो टेबलावर ठेवला.

"खोल सोडतच नाही. वरचं पाणी घेतो."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "आणि तळाशी खारटपणा किती असेल?"

"मर्यादेबाहेर."

"हे तुम्हाला आज कळलं?"

"नाही. पहिल्यापासून माहीत होतं."

वकील बाटली उघडून घटाघटा पाणी प्यायला. मला रडू फुटलं, खरंच सांगते. त्या इस्त्रीच्या पँटीत इतका माणूस असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढे तळाचा नमुना घेतला गेला. होडीतून, भावोजींच्याच हातून, जाता-येता ओकत. चांगला सणसणीत नापास झाला. मग आदेश निघाला. यापुढे नमुना तळाचाच. पाइपाला एकाऐवजी बरीच लहान तोंडं बसवून खारं पाणी पसरवून सोडायचं. पण गावाचं पाणी तोडता येत नाही, म्हणून त्यासाठी कारखान्याला दोन वर्षांची मुदत. तोवर आहे तसंच सोडायला हरकत नाही. आणि समुद्राच्या तळाला सावरायला वेळ मिळावा म्हणून त्या पट्ट्यात शिंपल्या काढायला मनाई. ही मात्र ताबडतोब.

मनाईची पाटी लावायला भावोजी स्वतः आले. पँट दुमडलेली, बूट हातात, ओल्या वाळूतून पाय उचलत.

"समुद्र सुधारायचा तर कुणाला तरी थांबवावंच लागतं," ते म्हणाले. "कारखाना एकदम थांबवता येत नाही."

"आणि मी?"

"तुला येतं," म्हणाले आणि खाली बघायला लागले.

संतापाने माझ्या अंगाची लाही झाली. पण त्यात खोटं काय होतं? आयुष्यात एकदाचा हा माणूस खरं बोलायला शिकला होता, आणि आता थांबायचं नाव घेत नव्हता.

त्यांना खांब ठोकता येईना. हातोडी निसटायची, पाटी कलायची. शेवटी मी "सरका" म्हटलं आणि खांब दोन्ही हातांनी घट्ट धरला. वाकडी लागली असती, तर ती सरळ करायला ते पुन्हा आले असते.