पाणसळीचा बोळा

डावा डोळा मिटायचा, अंगठा नाकासमोर धरायचा आणि समोरच्या जमिनीकडे असं बघायचं, की तिला उतार आपणच दिलाय. मग तंबाखूची पिंक टाकून म्हणायचं, "फिकीर नगं गुरुजी! ह्यो डोळा निजामाच्या काळापासून सपाट बघायलाय." तुम्हीही असा एखादा मिस्त्री पाहिला असेल. नसेल, तर तुमचं घर सरळ असणार.

परभणीच्या कडेला माझा प्लॉट होता, नाल्याकडे उतरणारा. पुढच्या रस्त्यापासून मागच्या कुंपणापर्यंत जमीन कमरेइतकी खाली जायची. मिस्त्रीला मी एकच अट घातली होती. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ती पाय ओढत सपाटीवर चालायची, पण वीतभर पायरी तिला डोंगर होती. तेव्हा पुढच्या बैठकीपासून मागच्या तिच्या खोलीपर्यंत घरात एकही पायरी नको.

"पायरी? मावशी, तुमाला कॅरमबोर्ड करून देतो," मिस्त्री म्हणाला. आईला तो आवडायचा. मला त्याची पहिल्या दिवसापासून चीड होती. हैदराबादला आपण हवेली बांधली असं सांगायचा, आणि कुठली हवेली म्हटलं की त्याला खोकला यायचा. विटांच्या ढिगावर बसून हुकूम सोडायचे, एवढंच त्याचं काम. काळी माती उपसून मुरमापर्यंत खणणं, भर टाकून पाणी मारणं, धुम्मसानं ठोकणं, सगळं बाया करत. त्यांतली एक नाल्यापलीकडच्या बौद्धवाड्यातली होती, कालव्याच्या कामावर चार वर्षं राबलेली.

पुढच्या दोन खोल्यांच्या भिंती पावसाळ्याआधी उभ्या राहिल्या. मधल्या दाराची जागा चोरांच्या भीतीनं विटांनी बुजवून ठेवली. दिवाळीनंतर मागचं जोतं घ्यायचं ठरलं. मध्ये भिंती आल्यानं मिस्त्रीचा तो निजामी डोळा काही कामाचा नव्हता. पुढची पातळी कोपऱ्यावरून वळवून मागे न्यायची तर पाण्याची पारदर्शक नळी, म्हणजे पाणसळच हवी. एक टोक पुढच्या खुणेला, दुसरं मागच्या खुंटीला. दोन्ही तोंडं उघडी असली की पाणी दोन्हीकडे सारख्या उंचीला उभं राहतं. त्याला दोन माणसं लागतात.

त्या दिवशी मिस्त्रीचा जोडीदार सेलूला लग्नाला गेला होता. मिस्त्रीनं तोंडानं ओढून नळीत पाणी घेतलं. बौद्धवाड्यातल्या त्या बाईनं दुसरं टोक धरायला हात पुढे केला, तसा तो ओरडला, "ऐ! हात लावू नको. त्या नळीला मी तोंड लावतो."

मग त्यानं मागचं टोक सुतळीनं खुंटीला बांधलं, पाणी सांडू नये म्हणून त्यात चिंधीचा बोळा गच्च कोंबला, पुढे येऊन आपलं टोक खुणेला धरलं आणि मला म्हणाला, "बघा गुरुजी, पानी हलतंय का? न्हाई. म्हंजे बराबर!"

बाई घमेलं खाली ठेवून म्हणाली, "मिस्त्री, बोळा काढल्याबिगर पानी खरं सांगत न्हाई."

"तू घमेलं उचल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव डोकी तापलेली होती ती वर्षं. शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी नामांतराच्या बाजूनं टेबल बडवून भांडत असे. इथं मला फक्त "बोळा काढा" म्हणायचं होतं, नाहीतर स्वतः जाऊन टोक धरायचं होतं. पण अंगावर शाळेचे धुतलेले कपडे होते, आणि भर कामात मिस्त्रीला दुखवावं कशाला, असंही वाटलं. मी घड्याळ बघितलं. तिनं घमेलं उचललं.

बोळा घातलेल्या टोकात पाणी जिथं अडलं होतं, तीच पातळी धरून मागचं जोतं झालं, कोबा झाला, भिंती चढल्या, वर स्लॅब टाकून झाला. मग मधल्या दाराच्या विटा काढल्या. आईची खोली चांगली वीतभर खाली होती.

मिस्त्रीनं डावा डोळा मिटला, अंगठा धरला, बराच वेळ धरला. "जमीन बसली गुरुजी. काळ्या मातीचा भरोसा न्हाई." मग चौखटीवर खापर फोडलं, मग जोडीदारावर. पुढे भरपाई म्हणून त्यानं दारात सिमेंटचा उतार करून दिला. तो इतका उभा, की त्यावर शेजारचं कुत्रंसुद्धा थांबेना.

आई त्या खोलीत सहा वर्षं राहिली. बैठकीत कुणी आलं की तिथूनच ओरडून विचारायची, "कोण आलंय रे?" मी आणि बायको तिला दोन्हीकडून धरून वर आणायचो. पुढे पुढे तीच म्हणायला लागली, "नको, उगं तुमचा खोळंबा." मिस्त्री अधूनमधून यायचा, खाली तिच्या खोलीत बसून चहा प्यायचा. एकदा तिनं हसत विचारलं, "काय मिस्त्री, माझा कॅरमबोर्ड?" तेव्हा त्यानं दोन्ही डोळे मिटले. त्या माणसाची दया मला आली असेल तर तेवढीच.

आईच्या मागोमाग दोन वर्षांत तोही गेला. त्याच्या दारात जमलेले लोक म्हणत होते, "काय नजर होती हो!" मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

परवा माळा झाडताना मिस्त्रीची इथंच राहून गेलेली ती नळी सापडली. एका टोकाला बोळा तसाच, दगडासारखा वाळलेला. मिस्त्रीला मी आयुष्यभर नावं ठेवली. पण त्या दिवशी त्या खुंटीपासून मी लांब नव्हतो. फार तर दहा पावलं. सपाट जमिनीवर तेवढी आईसुद्धा चालली असती.