बंद नळाचं पाणी

अमेरिकेच्या थंडगार उत्तरेतल्या डुलुथमधल्या आमच्या गल्लीतली अर्धी माणसं नाताळ झाला की ॲरिझोनाच्या उन्हाला पळतात आणि घरांच्या किल्ल्या मार्लिस टोलेफसनकडे देऊन जातात. मार्लिसनं उभा जन्म शाळेची बस चालवली. बर्फात, त्या चढउतारांवर, तिची बस कधी घसरली नाही. निवृत्तीनंतर ती रोज सकाळी या रिकाम्या घरांची फेरी करते. त्यांतल्या व्हर्ना किवीच्या घरी मात्र जरा रेंगाळायची. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पाखरं बघत घरून आणलेली कॉफी प्यायची.

यंदा जानेवारीत श्वास मिशीवर गोठावा अशी थंडी पडली. एका सकाळी मार्लिसचा फोन आला. "व्हर्नाकडे ये गं जरा." आवाज अगदी खोल गेलेला.

मी गेले. ती दारातच उभी होती. खिडकीजवळचं छत खाली आलं होतं. ओला चुना, थंडी अडवायला छतावर पसरतात त्या कापसाचे भिजलेले गोळे, आणि त्याखाली मोडलेली खुर्ची. वरून पाणी ठिबकत होतं.

"काल मी तिथे बसले होते," मार्लिस म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाली.

मग माझा दंड धरून तिनं मला तळघरात नेलं. घराच्या पाण्याचा मुख्य नळ बंद होता. व्हर्ना ॲरिझोनाला गेली त्याच दिवशी मार्लिसनं स्वतः बंद केलेला. स्वयंपाकघरातली तोटी सोडली, थेंब नाही. थंडी अशी की छपरावरचा बर्फही वितळणं शक्य नव्हतं. मग हे पाणी आलं कुठून?

घर गोठू नये म्हणून चालू ठेवलेला गॅसचा हीटर माळ्यावर होता. तो दुरुस्त करणारा कर्ट वर चढला आणि खाली येऊन म्हणाला, "हीटरचंच पाणी आहे."

"वेडा आहेस का? हीटर आग पेटवतो, पाणी कुठून काढेल?" मार्लिस म्हणाली.

"गॅस जळताना वाफ होते. हे नवे हीटर तिची ऊबही शोषून घेतात, मग उरतं पाणी. या थंडीत रोज बादलीभर."

ते पाणी बारक्या नळीनं भिंतीबाहेर जायचं. बाहेर नळीच्या तोंडाशी बर्फाचा बोळा बसला होता. तुंबलेलं पाणी माळ्यावरच्या सैल जोडातून कापसात मुरत राहिलं. हीटर चालू, घर उबदार. संशय यावा तरी कसा?

मार्लिसनं व्हर्नाला फोन लावला. "तुझं छत पडलंय. मी रोज येत होते, मला दिसलं नाही."

"कुठे पडलं?"

"खिडकीजवळच्या खुर्चीवर."

"तू बसतेस त्या?"

"तुला काय माहीत मी बसते?"

"अगं, दर वसंतात परत आले की त्या खुर्चीच्या हातांवरचे कॉफीचे डाग मीच पुसते ना. छताचं बघू नंतर. तू आधी घरी जा, गरम काही खा."

मार्लिस घरी गेली नाही. कर्टला घेऊन ती घरोघर भिंती तपासत फिरली. आमच्या मागच्या भिंतीशी झुडूप बाजूला सारून ती थांबली. "ही बघ."

पांढरी नळी. तोंडाशी बर्फ. इतके हिवाळे या घरात काढले, ती मी कधी पाहिली नव्हती. मी माळ्यावर चढले, कापसात हात घातला. ओला होता. खाली माझ्या सासूबाईंचा पलंग.

कर्टनं हीटर बंद केला, कोमट पाण्यानं बर्फ सोडवला आणि जोड घट्ट केला. दुसऱ्या दिवशी ती नळी उतार देऊन घराच्या आतूनच तळघराच्या मोरीत सोडली. आमचं छत वाचलं. सासूबाईंना मी अजून काही सांगितलेलं नाही.